दोन सीटच्या मागचा आवाज

गाडी बुटकी होती, जेमतेम दोन माणसं बसतील एवढी, गर्द हिरव्या रंगाची. गॅरेजच्या फाटकाशी उतार होता. त्यावर गाडीचं नाक घासू नये म्हणून बाईंनी ती तिरकी करून आत घातली. ते बघूनच मिस्त्रीने मनाशी नोंद केली की हिला गाडी कळते.

बाई दातांच्या डॉक्टर होत्या. केस बारीक कापलेले, बोलणं त्याहून आखूड. उतरल्यावर किल्ली लगेच हातात न देता म्हणाल्या, "गाडीत कुठेतरी आवाज येतो. खडखड नाही, घरघर नाही. सूंऽऽ असा. आधी दुसऱ्या गॅरेजात दाखवली. ते म्हणाले, अशा गाड्या आवाज करतातच. मग कुणीतरी तुमचं नाव सांगितलं."

मिस्त्रीला त्या भागात कानसेन म्हणायचे. तानसेन होता नाही आलं तर निदान कानसेन व्हावं, असं लोक म्हणतात ते गाण्याबद्दल. मिस्त्रीला गाण्यातलं ओ की ठो कळत नव्हतं. हे नाव एका बस ड्रायव्हरने पाडलं होतं. बस फाटकाबाहेर उभी होती, इंजिन चालू होतं आणि मिस्त्री आत चहा पीत होता. बशी खाली न ठेवताच तो म्हणाला होता, "तुमचा तिसरा सिलिंडर आळस करतोय." उघडून बघितलं तर खरंच तसं होतं. तेव्हापासून नाव चिकटलं ते चिकटलंच. त्यालाही ते आवडायचं, पण आवडतं असं तो दाखवायचा नाही.

"चला, एक चक्कर मारू," तो म्हणाला.

गोदामांच्या मागून एक सरळ रस्ता जायचा. दुपारी तिथे वर्दळ नसायची. गाड्या तपासायला तो नेहमी तिकडेच जायचा. बाई शेजारी बसल्या. मिस्त्रीने पहिला, दुसरा, तिसरा गिअर टाकत गाडी वाढवली. गिअर लोण्यातून फिरावा तसा पडत होता. क्लच हलका, इंजिन गोळीबंद. गाडी जपलेली होती.

"हा बघा. सुरू झाला," बाई म्हणाल्या.

मिस्त्रीने कान दिला. इंजिनाचा गुरगुराट होता, टायरखाली रस्ता सरकत होता, काचेच्या फटीतून वारा येत होता. बाकी काही नव्हतं.

"अजून आहे?"

"आहे ना. चांगला आहे." त्यांनी त्याच्याकडे पाहिलं. "तुम्हाला येत नाहीये?"

"येतोय काहीतरी," तो म्हणाला. खोटं बोलावं असं त्याने ठरवलं नव्हतं. ते तोंडातून निघून गेलं. "टायरचा असणार. ही गाडी जमिनीला चिकटून चालते मॅडम, रस्त्याचा आवाज आत येणारच."

"टायर आत्ताच नवे टाकलेत. आवाज त्याच्या आधीपासून आहे."

"मग वाऱ्याचा."

बाईंनी आपल्या बाजूची काच पूर्ण खाली केली, मग पूर्ण वर केली. "वाऱ्याचा नाही. हे बघा, मी दिवसभर लोकांच्या तोंडात मशीन फिरवते. त्या मशीनमधलं बेअरिंग जायला लागलं की पेशंटच्या आधी मला कळतं. हा आवाज त्याच जातीचा आहे."

गाडी ठेवून जा, एवढंच मिस्त्री म्हणाला.

त्याने गाडी लिफ्टवर चढवली. हाताने गिअर टाकायच्या गाडीत असा आवाज आला, तर शंभरातल्या बहुतेक वेळा चोर गिअरबॉक्समध्ये असतो, इंजिनाकडून फिरकी आत घेणाऱ्या शाफ्टच्या बेअरिंगवर. गाडी उभी असताना, न्यूट्रलमध्ये क्लचवरून पाय काढला की ते बोलतं, आणि क्लच दाबला की गप्प बसतं. त्याने इंजिन चालू ठेवलं, लांब स्क्रूड्रायव्हरचं टोक गिअरबॉक्सला लावलं आणि मूठ कानामागच्या हाडाला टेकवली. हा त्याचा जुना उपाय. आत सगळं ठीकठाक फिरत होतं. शेजारच्या दुकानातल्या पोराला क्लच दाबायला लावून पाहिलं, सोडायला लावून पाहिलं. फरक नाही. मग तो एकटाच पुन्हा गोदामांमागे जाऊन आला, गाडी जोरात, हळू, पुन्हा जोरात चालवून.

संध्याकाळी त्याने बाईंना फोन केला. "काही नाहीये गाडीला. बिनधास्त चालवा."

बाई आल्या, वाद न घालता किल्ली घेऊन गेल्या. हेच त्याला जरा टोचलं. भांडल्या असत्या तर बरं झालं असतं.

मिस्त्रीचं घर गॅरेजच्या डोक्यावरच होतं. बायको पुढच्या खोलीत खिडकीशी शिलाईमशीन घेऊन बसायची. पडदे, उशांचे अभ्रे, लोकांच्या पँटींची उंची कमी करणं असली कामं ती करायची. खिडकीखालून रस्ता चढत जायचा. गॅरेजमधून निघालेली प्रत्येक गाडी त्या चढावर जोर लावत तिच्या खिडकीसमोरून जायची, आणि तिला त्याची इतकी सवय झाली होती की ती मान वर करायची नाही. त्या दिवशी केली.

जेवायला बसल्यावर तिने विचारलं, "ती बुटकी हिरवी गाडी घाईत नेली का हो त्यांनी?"

"घाईत का? तपासून दिली. काही नव्हतंच तिला."

"असं होय." तिने त्याच्या ताटात वाढलं. "मग चढावर ती शिट्टी कसली वाजत होती?"

मिस्त्रीचा घास हातातच राहिला. "कसली शिट्टी?"

"शिट्टी म्हणजे... मी बॉबिन भरते ना, तेव्हा मशीन कसं करतं? रीळ गरगर फिरतं आणि बारीक आवाज निघतो. तसं काहीतरी. गाडीच्या मागून."

"इंजिन असेल ते."

"इंजिन मला कळतं. गॅरेजच्या डोक्यावर संसार केलाय मी, बागेत नाही."

तो पुढे जेवला. ती त्याच्या कानांकडे बघत राहिली. शेवटी त्यानेच विचारलं, "काय आहे? बोल ना."

"रागावणार नसाल तर बोलते."

"रागावेन किंवा नाही. बोल."

"तुम्हाला बारीक आवाज येत नाहीत."

मिस्त्री हसला. मनापासून नाही, पण हसला. "मला? लोक मला काय म्हणतात माहीत आहे ना?"

"लोक म्हणतात ते मला माहीत आहे. मागे तुम्हाला ताप होता. काखेत थर्मामीटर धरून बसला होतात. तो वाजून वाजून दमला. मी भाजी चिरून, कणीक भिजवून आले तरी तुम्ही आपले धरून बसलेलात, देवाची वाट बघत बसावं तसे. मी येऊन काढला."

"ताप होता मला. डोकं ठिकाणावर नव्हतं."

"आज कुठे ताप आहे?" ती उठली, कपाटातून थर्मामीटर घेऊन आली आणि बटण दाबून त्याच्यासमोर धरला. थोड्या वेळाने म्हणाली, "वाजला."

"कधी?"

"आत्ता. पुन्हा लावते."

त्याने तो तिच्या हातातून घेतला. स्वतः बटण दाबलं, डाव्या कानाला लावला. प्लास्टिकचा गार स्पर्श झाला, दुसरं काही नाही. उजव्या कानाला लावला. कुठल्यातरी शेजारच्या घरात डास गुणगुणावा तसं काहीतरी आल्यासारखं वाटलं. आलं की वाटलं, हे त्याला ठरवता येईना. पडद्यावरचा आकडा दोन्ही वेळा उमटला होता, म्हणजे यंत्र आपलं काम करत होतं.

"कधीपासून माहीत आहे तुला?"

"बरेच दिवस."

"मग सांगितलं का नाहीस?"

"सांगितलं होतं," बायको म्हणाली. "तुम्हाला ऐकू आलं नाही."

तिला हसू आलं. त्याला आलं नाही. तो हात धुवायला उठला आणि नळ सोडून बराच वेळ तिथेच उभा राहिला. पाण्याचा आवाज येत होता. पण पूर्वी जसा यायचा तसाच येतोय का, हे आता कुणाला विचारणार? त्याला सगळ्यात विचित्र वाटलं ते हे, की काही कमी झाल्याची खूण कुठेच नव्हती. कापड फाटलं तर भोक दिसतं, दात पडला तर जीभ तिथे जाते. इथे भोकच दिसत नव्हतं. जग जेवढं ऐकू येत होतं तेवढं अखंड होतं.

दुसऱ्या दिवशी तो नेहमीसारखाच कामाला लागला. एका गाडीचे ब्रेक केले, एकीचं ऑईल बदललं. नंतर एक रिक्षावाला इंजिनाचा आवाज ऐकवायला आला. एरवी अशा वेळी तो जागचा उठायचाही नाही. आज त्याने इंजिनावर हात ठेवला, डोळे मिटले आणि हातानेच बघून सांगितलं, की माउंटिंगचं रबर गेलंय. ते बरोबर निघालं. जाड आवाज त्याला येत होते, आणि हात शाबूत होते. पण यावर समाधान मानायचं की नाही हे त्याला कळेना. शेवटी त्याने फोन उचलला.

"मॅडम, गाडी परत आणाल का? मी सांगितलं ते चुकीचं होतं."

"काय सापडलं?"

"अजून काही नाही. पण आवाज आहे."

"आवाज आहे हे मीच तुम्हाला सांगितलं होतं."

"हो," मिस्त्री म्हणाला. "आणि तोपर्यंत जोरात पळवू नका. जे काही आहे ते फिरणाऱ्या भागात आहे. ते अडकलं तर मागची चाकं जाम होतील."

मग बाई म्हणाल्या, "उद्या दवाखान्यात जाताना ठेवून जाते. मला थांबता येणार नाही, पेशंट आहेत."

दुसऱ्या दिवशी गाडी आली. मिस्त्रीने तिला बघितलं, जिन्याकडे बघितलं आणि वर गेला. बायको एका लांबलचक पडद्याला दुमड घालत होती.

"खाली ये जरा. गाडीत बसायचंय."

"मी? कशाला?"

"ऐकायला."

ती मशीनवरून उठली नाही. "अहो, मला त्यातलं काय कळतं? गिअर कुठला, क्लच कुठला..."

"कळायला नको. कळायचं माझ्याकडे आहे. ऐकायचं तुझ्याकडे आहे. चल."

गाडीत बसणं हा एक वेगळाच सोहळा झाला. सीट जवळजवळ रस्त्यावरच होती. आधी पाय घालू की आधी बसू हे तिला ठरवता येईना. मग ती आधी बसली आणि पाय एकेक करून उचलून आत घेतले. "ह्यात बाई रोज चढते-उतरते?" ती म्हणाली. "कमाल आहे तिची."

मिस्त्रीने इंजिन सुरू केलं. गाडी उभी, गिअर न्यूट्रल. "आता आवाज आहे?"

"इंजिनाचा आहे."

"तो सोड. शिट्टी?"

"नाही."

त्याने क्लच दाबला, सोडला, इंजिन वाढवलं, कमी केलं. दर वेळी तिच्याकडे पाहिलं. दर वेळी ती मान हलवून नाही म्हणाली. म्हणजे गिअरबॉक्समध्ये फिरकी आत घेणाऱ्या शाफ्टचं बेअरिंग नाही, आणि क्लचचंही नाही. ते असतं तर इथेच बोललं असतं. हे त्याला आधीच कळायला हवं होतं. कळलंही होतं, पण तेव्हा आपल्याच कानावर भरवसा ठेवून त्याने पुढचा शोध थांबवला होता.

गोदामांमागच्या रस्त्याला लागल्यावर त्याने गाडी वाढवली.

"आला," बायको म्हणाली. तिने समोरच्या कप्प्यावर हात टेकवला. "आला, आला. हाच तो."

"कसा आहे? जाड की बारीक?"

"बारीक."

"सलग की तुटक?"

"सलग. आणि एक किणकिण पण आहे."

"किणकिण?" मिस्त्रीने विचारलं. किणकिण म्हणजे दात तुटलेला गिअर असू शकतो. "कुठून येते?"

तिने कान इकडेतिकडे वळवले, मग त्याच्या गुडघ्याकडे बोट दाखवलं. "ह्या किल्ल्यांची हो. जुडगा हलतोय."

त्याने जुडग्यातली गाडीची किल्ली तेवढी ठेवून बाकीच्या किल्ल्या खिशात टाकल्या. "आता?"

"आता फक्त बॉबिन."

"नीट ऐक. मी गाडी ह्याच वेगाने ठेवतो. फक्त गिअर बदलतो. इंजिनाचा आवाज बदलेल, तिकडे लक्ष देऊ नकोस. बॉबिन बदलतेय का एवढंच सांग."

त्याने तिसऱ्यातून चौथा टाकला. इंजिन उतरलं, वेग तोच राहिला.

"बदलली?"

"नाही. तशीच आहे."

पाचवा टाकला. "आता?"

"तशीच."

"नक्की? मला बरं वाटावं म्हणून सांगू नकोस हं."

बायकोने त्याच्याकडे वळून बघितलं. "तुम्हाला बरं वाटावं म्हणून मी आजवर काही बोलल्येय का?"

"नाही," मिस्त्रीने कबूल केलं.

इंजिनाचे फेरे बदलले तरी आवाज बदलत नव्हता. गाडीच्या वेगाबरोबर तो वाढत होता. म्हणजे चोर इंजिनाच्या बाजूला नव्हताच. तो गिअरबॉक्सच्या पलीकडे, चाकांच्या अंगाला होता. त्याने गाडी न्यूट्रलमध्ये टाकली आणि तशीच वाहू दिली. ती म्हणाली, आहे, पण मऊ झालाय. मग पुन्हा गिअर टाकून त्याने पाय जोरात दाबला.

"बाई गं! केवढा वाढला. दात आंबल्यासारखं झालं."

पाय सोडला.

"कमी झाला... नाही, थांबा. वेगळाच झाला. सुरात खाली उतरला."

त्याने रस्ता मोकळा बघून स्टिअरिंग डावीकडे फिरवलं, मग उजवीकडे. गाडी नागिणीसारखी लहरत गेली. बायकोने दाराची मूठ घट्ट पकडली.

"हे कशाला?"

"वळणात एका बाजूच्या चाकावर भार पडतो. चाकाचं बेअरिंग असेल तर एका बाजूला आवाज वाढतो. वाढला?"

"नाही. मला मळमळायला लागलंय एवढंच."

त्याने गाडी सरळ केली आणि वेग कमी केला. "शेवटचं. डोळे मीट आणि बोट दाखव. आवाज कुठून येतोय?"

तिने डोळे मिटले. मग हात मागे नेला, दोन सीटच्या मधल्या फटीतून, आणि बोट खाली, तिरकं, मागच्या चाकांच्या मध्ये रोखलं.

"तिथून. खालून. जमिनीपासून थोडं वर."

मिस्त्रीने गाडी बाजूला घेऊन थांबवली. त्याला जे हवं होतं ते मिळालं होतं. तिथे डिफरन्शियल होतं, मागच्या चाकांच्या मधला लोखंडी गोळा, ज्यात इंजिनाकडून आलेला शाफ्ट शिरतो आणि त्याची फिरकी दोन्ही चाकांत वाटली जाते. शाफ्ट जिथे आत शिरतो तिथे एक बेअरिंग असतं. जोर दिला की त्यावर एका अंगाने भार येतो, जोर काढला की दुसऱ्या अंगाने. म्हणून सूर बदलत होता.

"कळलं?" बायकोने विचारलं.

"कळलं."

"मग इथे का थांबलो?"

"तुला मळमळतंय म्हणालीस ना."

ती दार उघडून उतरली. म्हणजे आधी पाय बाहेर काढले, मग दाराला धरून स्वतःला वर ओढलं. दोघं गोदामाच्या भिंतीच्या सावलीत उभे राहिले. समोरच्या तारेवर कसलेतरी पक्षी ओळीने बसले होते, त्यांच्या चोची उघडत होत्या, मिटत होत्या. मिस्त्री त्यांच्याकडे बघत राहिला. "ओरडतायत?" त्याने विचारलं.

"नुसता कलकलाट चाललाय," बायको म्हणाली, आणि मग तिला वाटलं की बोलायला नको होतं.

गॅरेजमध्ये आल्यावर गाडी लिफ्टवर गेली. डिफरन्शियलचा खालचा बोल्ट काढून त्याने ऑईल परातीत उतरवलं. ऑईल काळं होतं, आणि दिवा तिरका धरला की त्यात चंदेरी भुकटी चमकत होती. बोल्टच्या चुंबकाला लोखंडाची मिशी फुटली होती. शाफ्ट सोडवून त्याने आतल्या दांड्याची चकती दोन्ही हातांनी धरली आणि हळूहळू फिरवली. तिथे त्याला कुणाची मदत लागली नाही. बोटांना ते लगेच लागलं. मोकळं फिरायचं, मग खरखरायचं, मग पुन्हा मोकळं. दळताना जात्यात खडा यावा तसं. खालीवर हलवलं तर दांडा नखभर हलला. हलायला नको होता.

ते सुटं करून बेअरिंग बाहेर निघालं तेव्हा त्याच्या एका गोळीची साल गेलेली दिसली. गाडी मागे कधीतरी पाण्यातून गेली असावी, सील झिजलं असावं. नवं बेअरिंग मागवायला आणि ते बसवून गिअरच्या दातांचं माप पुन्हा जुळवायला वेळ गेला. ते काम मिस्त्रीने घाई न करता केलं. माप जुळवणं हे डोळ्यांचं आणि हातांचं काम. दातांना रंग लावायचा, फिरवायचं, ठसा कुठे उमटतो ते बघायचं. ठसा दाताच्या बरोबर मध्यावर आला तेव्हा तो थांबला. मग बायकोला पुन्हा एकदा गाडीत बसवून नेलं. ती जाताना आणि येताना दोन्ही वेळा म्हणाली की काही नाही. येताना तर तिला डुलकी लागली होती.

डॉक्टरबाई गाडी न्यायला आल्या तेव्हा त्याने जुनं बेअरिंग फडक्यावर ठेवून दाखवलं. बाईंनी ते उचललं, बोटावर फिरवलं, आणि त्या खरखरीला नाक मुरडलं.

"पहिल्या वेळी कसं सुटलं हे तुमच्याकडून?"

मिस्त्रीकडे उत्तरं बरीच होती. लिफ्टवर चाकं अधांतरी असतात, भार नसतो, त्यामुळे तिथे ते बोलत नाही. हे खरंही होतं. पण त्याने ते सांगितलं नाही.

"मला तो आवाज येत नाही," तो म्हणाला. "मला वाटलं होतं येतो. बायकोने ऐकला. मी नुसतं विचारत गेलो."

बाईंनी बेअरिंग परत फडक्यावर ठेवलं. त्यांच्या चेहऱ्यावर कीव नव्हती; असती तर त्याला ती सोसली नसती. पेशंटच्या दाढेकडे बघावं तसं त्यांनी त्याच्याकडे बघितलं.

"आमच्या धंद्यातही होतं हे," त्या म्हणाल्या. "मशीनच्या आवाजाने. मी दर वर्षी तपासून घेते. तुम्ही कधी तपासले?"

"कान? कधीच नाही."

"माझ्या दवाखान्याच्या वरच्या मजल्यावर तपासतात. जा." आणि गाडीत बसताना पुन्हा म्हणाल्या, "जाल तेव्हा बायकोला घेऊन जा. नाहीतर ते काय म्हणाले ते तुम्ही अर्धंच सांगाल."

गाडी फाटकातून तिरकी बाहेर पडली आणि चढावर गेली. मिस्त्री वर खिडकीकडे बघत उभा राहिला. बायकोने मान बाहेर काढून हात हलवला: काही नाही, ठीक आहे.

तो कान तपासायला गेला, पण लगेच नाही. मध्ये बरीच कामं निघाली, एकदा पाऊस आला, एकदा त्याचं डोकं दुखलं. एक दिवस बायको बाहेर जायचे कपडे घालून जिन्यात येऊन उभी राहिली, आणि मग त्याला हात धुण्यावाचून गत्यंतर राहिलं नाही.

तपासायची खोली म्हणजे एक पेटीच होती. भिंतींना मऊ अस्तर, एक खुर्ची, समोर काच. काचेपलीकडे एक मुलगी यंत्राशी बसली होती. तिने त्याच्या कानांवर मोठाले हेडफोन चढवले आणि हातात एक बटण दिलं. "आवाज आला की दाबायचं काका. कितीही बारीक आला तरी. नाही आला तर नाही दाबायचं. सोपं आहे."

दार लागलं. पहिले आवाज जाड होते. त्याने भराभर बटण दाबलं. मग ते बारीक होत गेले. मग काहीच येईना. तो बटणावर अंगठा ठेवून वाट बघत राहिला. काचेतून त्याला मुलीचा हात दिसत होता. हात यंत्रावर जायचा, थांबायचा, परत यायचा. हात गेला म्हणजे तिने आवाज सोडला, हे त्याच्या लक्षात यायला वेळ लागला नाही. यंत्राचा उलगडा करण्यातच त्याचा जन्म गेला होता. हात गेला की त्याने बटण दाबलं. पुन्हा हात गेला, पुन्हा दाबलं. मुलीने कागदावर काहीतरी टिपलं आणि मान डोलावली.

असंच चालू ठेवलं असतं तर तो पहिल्या नंबराने पास झाला असता. बाहेर बाकावर बायको बसली होती. तिला जाऊन सांगता आलं असतं की बघ, म्हटलं नव्हतं?

मिस्त्रीने हेडफोन काढले आणि काचेवर टकटक केलं. मुलगी घाबरून उठली, दार उघडून आत आली. "काय झालं काका? दुखतंय का?"

"नाही. तुमचा हात दिसतोय मला इथून," तो म्हणाला. "हात बघून दाबत होतो. मागचे खोडा."

त्याने खुर्ची उचलली, गर्रकन फिरवली आणि काचेकडे पाठ करून भिंतीसमोर बसला. "आता करा."

मुलीने त्याला पुन्हा हेडफोन घातले. समोर करड्या रंगाचं अस्तर होतं, त्यावर बारीक भोकं होती. तो ती बघत राहिला. बराच वेळ बटण दाबावं असं काही आलं नाही, आणि त्याने दाबलं नाही.

बाहेर आल्यावर बायकोने विचारलं, "काय झालं?"

"नापास."

"पूर्ण?"

"अर्धा. जाड्या आवाजात पास आहे. बारीक गेलेत. ते येणार नाहीत परत, पण कानाला मशीन लावलं तर थोडे ऐकू येतील म्हणतात." तो जिना उतरायला लागला. "गॅरेजमध्ये ते लावायचं नाही, उलट कानांत बोळे घालायचे, म्हणजे उरलेले टिकतील. घरी आणि गाडी चालवताना मशीन."

"मग लावणार का?"

"मापं घेतलीत त्यांनी. लावावंच लागेल. दर वेळी तुला गाडीत घालायचं म्हणजे तू अर्ध्या रस्त्यात झोपतेस."

ती त्याच्या एक पायरी मागे होती. खालून रस्त्याचा आवाज येत होता. काहीतरी म्हणाली, पण गर्दीत ते त्याला कळलं नाही. पूर्वी तो अशा वेळी नुसतं हं म्हणायचा. तो थांबला, मागे वळला आणि म्हणाला, "काय म्हणालीस? पुन्हा सांग."